दोन्ही बांधांवरून

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा रविंद्र चहात टोस्ट बुडवून बसला होता. फोन कुणाचा आणि कशासाठी, हे त्याला न बघताच कळलं. ऊसतोड सुरू झाल्यापासून एवढ्या सकाळी कुणी त्याला मोटार जळाली म्हणून फोन केला नव्हता. मोटारी जळत नव्हत्या असं नाही. नारायणगावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान पंचवीस वर्षं त्या जळण्यावरच चाललं होतं. पण मोटारवाले दुपारी यायचे. सकाळचे फोन गाडीसाठी असायचे.

“रवीभाऊ, तोड आलीया आपली,” पलीकडून बाळासाहेब म्हणाला. “टोळी रानात हुबी हाय. तेवढी गाडी घिऊन या.”

“दव वाळू द्या की. साडेधाला येतो.”

“साडेधाला पयला ट्रॅक्टर भरून निघाया पायजे, राव. कारखाना काय आपल्यासाठी थांबतोय व्हय? या लवकर.”

फोन बंद झाला. टोस्ट तेवढ्यात चहात विरघळून तळाला गेला होता. रविंद्रनं तो चमच्यानं काढायचाही कंटाळा केला.

“जावा, जावा,” कल्याणी, त्याची बायको, अंगणवाडीला जायची पिशवी भरता भरता म्हणाली. “वाघोबा वाट बघत असंल.”

एरवी तो या थट्टेवर हसला असता. सलग अकरावा दिवस होता.

गाडी म्हणजे काही कुणाला बसून जायची गाडी नव्हे. हातभर लांबीची, जाड रबरी चाकांची, रिमोटवर चालणारी गाडी. सहा वर्षांपूर्वी त्यानं सुटे भाग मागवून ती स्वतः जोडली होती. रविवारी दुपारी लेण्याद्रीच्या बाजूच्या माळावर तो एकटा जायचा आणि दगडधोंड्यांतून ती तासभर फिरवायचा. पन्नाशीला आलेला माणूस खेळणं घेऊन माळावर उन्हात उभा, म्हणून गुराखीसुद्धा हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. आठवडाभर तो दुसऱ्यांच्या मोटारी, दुसऱ्यांची घाई आणि दुसऱ्यांचं बोलणं सहन करायचा. ही एक वस्तू कुणाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणूनच ती त्याची होती.

मग गेल्या हंगामात नदीच्या पलीकडच्या मळ्यात ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं निघाली. आई तिथंच होती. एका बाईचा खांदा तिनं फाडला. बाई वाचली, पण आसपासच्या सगळ्या टोळ्यांनी कोयते खाली ठेवले; आधी कुणीतरी आत बघून सांगा, मगच आम्ही जाऊ म्हणाल्या. वनखात्याची माणसं यायची, पण एका सकाळी वीस रानांत ती कुठून पुरणार? अशात कुणाला तरी रविंद्रच्या गाडीची आठवण झाली. त्यानं गाडीवर एक बारका कॅमेरा बसवला, त्याचं चित्र हातातल्या पडद्यावर घेतलं आणि एका रानात ती सोडली. एकदाच, ओळखीखातर. ओळखी इतक्या असतात हे त्याला त्यानंतर कळलं.

सुरुवातीला त्याला मजाही आली, हे कबूल करायला हवं. बांधावर दहा माणसं जमायची आणि तो हौसेनं सगळं समजावून सांगायचा. हा रिमोट, याला पिस्तुलासारखा चाप. ओढला की गाडी पुढं. हे बाजूचं चाक, हे वळायला. रिमोटची आणि गाडीतल्या रिसीव्हरची एकदा जोडणी करून दिली की गाडी दुसऱ्या कुणाच्या रिमोटला दाद देत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फेलसेफ. मधेच सिग्नल तुटला तर गाडीनं काय करायचं, हे आपण आधीच ठरवून द्यायचं असतं. नाही दिलं तर ती शेवटचा हुकूम धरून सुसाट सुटते आणि विहिरीत जाऊन पडते. त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून दिलं होतं, की आपला हुकूम पोचेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं.

“आमच्या सुनंला पन बसवा की आसलं एक,” कुणीतरी म्हणायचं आणि बांध हसायचा.

उसानं मात्र त्याला लवकरच शहाणं केलं. माळावर तीनशे पावलं जाणारा रेडिओ उसात साठ पावलांवर गुदमरायचा, आणि दव असलं तर चाळिसावरच. पानात पाणी, पानावर पाणी. रेडिओची लाट पाणी गिळून टाकतं. म्हणून त्यानं आपला एक शिरस्ता घालून घेतला होता. दव वाळल्याशिवाय गाडी सोडायची नाही. दर पाचव्या सरीत, उसाच्या दोन ओळींमधल्या चरात, घालायची. आणि अर्धं रान या बांधावरून बघायचं, मग वळसा घालून पलीकडं जायचं आणि उरलेलं अर्धं त्या बांधावरून. दोन्हीकडून बघितल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. ‘मोकळं हाय,’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले की मगच कोयते चालायचे.

बाळासाहेबाचं रान मीना नदीच्या काठाला, रस्त्यापासून विहिरीपर्यंत शंभर पावलं लांब. उभा, गच्च ऊस. बाळासाहेब म्हणजे बापजाद्यांपासूनचा बागायतदार. वाईट माणूस नव्हता, पण त्याला कुणासाठी थांबायची सवय नव्हती. त्यानं मधे स्वतःच एक गाडी मागवली होती, दुकानातलं खेळणं. ती बांध उतरताना उलथली ती उलथलीच. तेव्हापासून तो रविंद्रला जरा जास्तच भाऊ म्हणू लागला होता.

रविंद्र पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. पानांच्या टोकांवरून दवाचे थेंब गळत होते. रस्त्याच्या बांधावर बारा कोयत्यांची टोळी, म्हणजे बारा जोडपी, उकिडवी बसली होती. बीडकडची माणसं. मुकादम चांगदेव पुढं आला. उंच, वाळका माणूस. कानाला मफलर, डोळे तांबडे. रात्रभर दुसऱ्या रानात उसाचे ट्रॅक्टर भरून ते इकडं आले होते. त्यांच्यातलं कुणीच धड झोपलेलं दिसत नव्हतं.

“दव हाय अजून,” रविंद्र म्हणाला.

“आमाला दिसतंय ते, भाऊ,” चांगदेव म्हणाला. “पर मालकाला दिसंना.”

बाळासाहेब घड्याळ बघत होता. रविंद्रनं पेटी उघडली.

पेटीत तीन बॅटऱ्या होत्या आणि तिन्ही पूर्ण भरलेल्या होत्या. खरा घोळ तिथंच होता, आणि तो त्याला चांगला माहीत होता. या जातीच्या बॅटऱ्या भरून ठेवायच्या नसतात. वापरायच्या आधी तासभर भरायच्या आणि वापरल्यावर अर्ध्यावर ठेवून द्यायच्या. भरल्या पोटी पडून राहिल्या की त्या आतून कुजतात आणि फुगतात. पण या भागात ज्या घरात आठवडाभर दिवसा वीज आणि पुढचा आठवडाभर रात्री, अशा पाळ्यांवर संसार चालतो, तिथं वीज आली की सगळं भरून घ्यायचं असतं. टाकी, हंडे, मोबाइल, टॉर्च, फवारणीचा पंप. कल्याणी रोज या तीनही बॅटऱ्या त्याच ओळीत लावायची, आणि तोही गप्प बसायचा. सकाळी कुणाचा फोन येईल याचा नेम नाही. अर्ध्या भरलेल्या असल्या तर लोकांना तासभर थांबा म्हणायची पाळी आली असती. लोकांना थांबा म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं.

पहिली बॅटरी चार सऱ्यांत बसली. एरवी ती नऊ सऱ्या चालायची. दुसरी लावली. पडद्यावर तेच ते दिसत होतं: ओलं पाचट, म्हणजे उसाचा गळालेला पाला, उसाची बुडं, एखादा बेडूक, परत पाचट. डोळे त्या हलत्या चित्राला इतके विटले होते की एका सरीत त्यानं काय पाहिलं हे त्याला पुढच्या सरीत आठवेना. प्रत्येक वेळी चाळीस पावलांच्या आसपास चित्र फाटायचं आणि गाडी आपली शहाण्यासारखी थांबायची. मग तो बांधावरच्या दगडावर चढून, रिमोट डोक्यावर धरून, तिला मागं ओढून आणायचा. शेवटच्या सरीतून ती परतली ती अक्षरशः रांगत. दुसरीही संपली.

रस्त्याच्या बाजूचं अर्धं रान बघून झालं होतं. विहिरीच्या बाजूचं अर्धं राहिलं होतं.

त्यानं तिसरी बॅटरी हातात घेतली. ती उशीसारखी फुगली होती. कडा गोल झाल्या होत्या आणि अंगठ्यानं दाबल्यावर आत मऊ लागत होतं. असली बॅटरी पाचटात पाठवायची म्हणजे रानाला काडी लावण्यासारखंच. आणि विहिरीकडं जायचं तर बांधाच्या वाटेवर चारीला गुडघाभर पाणी सुटलेलं. पेटी भिजू द्यायची नाही तर ती परत मोटारसायकलला बांधून लांबून पुलावरून वळसा, पाव तास. पाठ दुखत होती. खिशात फोन थरथरत होता. आळेफाट्याकडचा कुणीतरी दुसरा बाळासाहेब वाट बघत असणार.

“कसं हाय, भाऊ?” चांगदेवनं विचारलं.

रविंद्रनं बॅटरी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

“मोकळं हाय,” तो म्हणाला.

बस्स, एवढंच. कुणी काही विचारलं नाही. बारा कोयत्यांची चोवीस माणसं गुडघ्यावर हात टेकून उठली. दोन्ही बांधांवरून बघायचा त्याचा शिरस्ता या टोळीला कुठून ठाऊक असणार? बाळासाहेबाला ठाऊक होता, पण तो तेव्हा ट्रॅक्टर मागं घ्यायला ओरडत होता.

रविंद्र पेटी मोटारसायकलला बांधत होता तेव्हा त्याच्या शेजारून एक बाई गेली. तिच्या काखेत सात-आठ महिन्यांची पोर आणि खांद्यावर झोळीचं लुगडं होतं.

“कुटं निगालीस गं, साळू?” कुणीतरी विचारलं.

“हिरीवर आंबा हाय तितं झोळी बांदते,” ती म्हणाली. “सावली हाय. पानी पन जवळ हाय.”

साळुबाई बांधाच्या कडेकडेनं, चारीच्या पाण्यातून पाय टाकत, विहिरीकडं निघाली. रविंद्रनं तिला जाताना बघितलं, हे पुढं त्यानं स्वतःपासून लपवलं नाही. त्यानं बघितलं आणि किक मारली.

पाच किलोमीटरवर हायवेच्या वळणाला चहाची टपरी होती. तो थांबला, कारण सकाळचा चहा तसाच राहिला होता. चहा सांगितला. बाकावर पेटी ठेवली आणि त्या फुगलेल्या बॅटरीला मोटारसायकलच्या हिसक्यांनी काही झालं नाही ना, ते बघायला ती उघडली.

बॅटरी होती तशीच होती. तिच्याशेजारी गाडी चिखलानं माखलेली, पाचटाचं एक पान चाकात अडकलेलं. तो ते पान ओढून काढू लागला. सकाळपासून ही गाडी किती वेळा थांबली, ते त्यानं मनात मोजलं. दर सरीत एकदा. हुकूम पोचेनासा झाला की एक पाऊल पुढं नाही. तिला ते त्यानंच शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र पन्नास-साठ पावलं न बघितलेल्या रानाबद्दल चोवीस माणसांना सांगून आला होता.

त्याला स्वतःची शिसारी आली. भीती नंतर आली. विहिरीवरचा आंबा तो ओळखत होता; त्याच विहिरीची मोटार त्यानं दोनदा रिवाइंडिंग करून दिली होती. आंब्याच्या बुंध्यापासून उसाची पहिली ओळ पाच पावलांवर होती.

“चहा, भाऊ,” टपरीवाला म्हणाला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणून तो उठला.

परत जाताना वाटेत त्याच्या मनात नाही नाही ते आलं, आणि काही लाजिरवाणंही आलं. काही न सांगताच विहिरीच्या बाजूनं परत एकदा गाडी घालावी. कॅमेऱ्याचा काहीतरी घोटाळा झाला होता, खात्री करून घेतो म्हणावं. कुणाला संशयही आला नसता. पण बॅटऱ्या संपलेल्या होत्या. त्या भरायला तास लागणार होता, आणि तो तासभर ती पोर तिथंच झोळीत असणार होती. लबाडीलासुद्धा बॅटरी लागते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो पुलावरून वळसा घालून थेट विहिरीवर गेला. झोळी आंब्याला बांधलेली होती आणि संथ हलत होती. साळुबाई पलीकडं चारीच्या पाण्यात फडकी धूत होती. रविंद्रनं मोटारसायकल स्टँडला लावली नाही, तशीच आडवी टाकली. त्यानं झोळीतून पोर उचलली. पोर जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं.

“अवो! अवो, पावणं! काय करताय?” साळुबाई धावत आली.

“बाई, हिला घे आणि रस्त्याला चल. इकडचं रान मी बघितलेलं न्हाई.”

“तुमीच तर मोकळं म्हनला.”

“खोटं बोललो,” तो म्हणाला. “चल आदी.”

पोर घट्ट धरून ती जवळजवळ पळतच निघाली. तो तिच्या बाजूनं, उसाच्या आणि तिच्या मधून धावत होता. रस्त्याच्या बांधावर पोचेपर्यंत पोरीच्या रडण्यानं कोयते आपोआप थांबले होते.

मग त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. अर्धंच बघितलं. दोन बॅटऱ्या बसल्या, तिसरी फुगलीय. वळसा घालून जायचा कंटाळा आला, म्हणून मोकळं म्हणालो. त्यानं कंटाळा हाच शब्द वापरला, कारण दुसरा कुठला खरा नव्हता.

मग उसातल्या बायका आधी बाहेर आल्या, त्यांच्या मागं बाप्ये. एकानं कोयता बांधावर इतक्या जोरात आपटला की मूठ निसटली.

“आन आजवरची रानं?” बाळासाहेब म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “ती बी आशीच बगितली काय? साऱ्या गावाला फशिवलंस व्हय रं?” ‘रवीभाऊ’वरून तो एका दमात अरेतुरेवर आला होता.

“न्हाई. आजच.”

“कशावरनं?”

काल संध्याकाळपर्यंत याला त्याचा शब्द हेच उत्तर होतं.

चांगदेवनं मफलर सोडून परत बांधला. “आता काय करायचं, ते बोला,” तो म्हणाला.

“एक बॅटरी भरतो. हिरीच्या मोटारीच्या खोलीत लाईट आसंल, ह्या आठवड्यात दिवसाची पाळी हाय. तास लागंल. मग तिकडनं बघतो. तवर कुनी आत जायचं न्हाई.”

“तास?” बाळासाहेब ओरडला. “जोरात भर की लेका!”

“जोरात भरली की फुगती. मग ती बी जाईल. तास म्हंजी तास.”

हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. पण लोकांना थांबा म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि ते त्याचं त्यालाच जाणवलं.

विहिरीवर पडलेली मोटारसायकल त्यानं पेटीसकट इकडं आणली आणि आधी फुगलेली बॅटरी निकालात काढली. बांधावर वाळूची रास होती. एका लोखंडी पाटीत कोरडी वाळू भरून त्यात ती पुरली आणि पाटी पाचटापासून लांब, उघड्या रस्त्यावर ठेवली. मग चांगदेवला आणि दोन माणसांना बरोबर घेऊन, टिनाच्या पत्र्यावर काठ्या बडवत, तो मोटारीच्या खोलीत गेला. बल्बच्या होल्डरला जोडणी करून चार्जर लावला. चार्जरवर आकडा हळूहळू चढू लागला.

तो तास रविंद्रच्या आयुष्यातला सगळ्यांत लांब तास असेल. रस्त्याच्या बांधावर बारा कोयते बसलेले. ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपला. टोळीतल्या बायका रविंद्रकडं बघत नव्हत्या, आणि त्या बघत नाहीत हे त्याला लांबूनही कळत होतं. बाळासाहेब फोनवर कुणाला तरी सगळं सांगत होता. संध्याकाळपर्यंत ते जुन्नर-आंबेगावात दोन्हीकडं पोचणार होतं. एका परीनं बरंच झालं, असंही रविंद्रला वाटलं. आता सकाळी फोन यायचा नाही. लबाड माणसाची गाडी कोण बोलावणार? माळावरचा रविवार परत मिळेल. या विचारानं त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

अकरा वाजता बॅटरी भरली. दवही वाळलं होतं.

त्यानं विहिरीच्या बांधावरून गाडी सोडली. पहिली सरी, काही नाही. मग सहावी, अकरावी. चित्र स्वच्छ येत होतं, काचेतून बघावं तसं. आंब्यासमोरच्या सरीत गाडी घातली आणि वीस पावलांवर त्यानं चाप सोडला.

पडद्यावर पाचट गोल दबलेलं होतं. परातीएवढं नव्हे, चांगलं खाटेएवढं. त्याच्या कडेला शेळीच्या केसांचे पुंजके आणि एक चघळलेला खूर. दबलेल्या जागेत कुणी नव्हतं.

“काय हाय?” चांगदेवनं मागून विचारलं.

रविंद्रनं पडदा त्याच्याकडं वळवला. चांगदेवनं वाकून बघितलं. मग मागं वळून त्यानं हाक मारली, आणि पोर दुसऱ्या बाईकडं देऊन साळुबाई चारीतून आली. तिनं पडदा दोन्ही हातांत धरला. खूर बघितला. मान वर करून आंब्याकडं बघितलं, आणि मनातल्या मनात पावलं मोजल्यासारखी तिची नजर बांधावरून परत पडद्यापर्यंत आली.

“आताचं हाय का जुनं?” तिनं विचारलं.

“ते मला न्हाई सांगता यायचं,” रविंद्र म्हणाला. “आत्ता तितं काय न्हाई, एवढंच सांगतो. बाकीच्या सऱ्या बघू द्या.”

बाकीच्या सऱ्यांत काही निघालं नाही. कदाचित ते जनावर आठवड्यापूर्वीच निघून गेलं असेल. कदाचित सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं नदीत उतरलं असेल. कदाचित पोर रडल्यावर. यातलं काय खरं, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं.

“म्हंजी मोकळंच व्हतं की!” बाळासाहेब हात झटकत म्हणाला. “उगाच आर्दा दिवस घालवला.”

चांगदेवनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. टोळीनं फटाक्यांची एक माळ उडवली, पत्रे वाजवले आणि रस्त्याच्या बाजूनं, एकमेकांच्या हाताला लागून, ऊस तोडायला सुरुवात केली. साळुबाईनं आंब्याची झोळी सोडली आणि ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बांधली, जिथं चार माणसं सतत मोळ्या टाकत होती.

रविंद्रनं गाडी पुसली, पेटीत ठेवली. वाळूची पाटी मोटारसायकलला कशी बांधावी याचा विचार करत तो उभा होता, तेव्हा साळुबाई जवळ येऊन थांबली. हाताला उसाची कुसळं लागलेली, कपाळावर घाम.

“उद्या आमी वरल्या मळ्यात हाय,” ती म्हणाली. “तितं तुमीच या.”

त्याला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. “मी? बाई, मी सकाळी खोटं बोललो तुमच्याशी.”

“व्हय. म्हनून तर.” तिनं पदरानं कपाळ पुसलं. “खोटं बोलून परत सांगाया आलेला मानूस म्या अजून बगितला नव्हता. दुसरा कुनी आला तर त्यो परत यील का न्हाई, आमाला काय ठावं? तुमीच या. पन दोनी बांदांवरनं बगायचं.”

तिच्या मागं चांगदेव उभा होता. त्यानं मान हलवली.

रविंद्रच्या तोंडावर नाही हा शब्द आला होता. अगदी जिभेवर. बॅटऱ्या संपल्या, पाठ मोडली, दुकान बंद पडलंय, माझी हौस होती ती, तुमची चाकरी नव्हती. हे सगळं त्याला म्हणायचं होतं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. त्यानं ट्रॉलीखालच्या झोळीकडं बघितलं. झोळीतून एक इवलासा पाय बाहेर आला होता.

“दव वाळल्यावर येईन,” तो म्हणाला. “त्याआदी न्हाई.”

“या की,” साळुबाई म्हणाली आणि कोयता उचलून कामाला गेली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा कल्याणीला सगळं समजलं होतं. अंगणवाडीत तीन जणींनी तीन तऱ्हांनी सांगितलं होतं. तिनं त्याच्यापुढं भाकरी आणि पिठलं ठेवलं आणि तो जेवत असताना समोर बसून राहिली. मग वीज जायच्या आत, सवयीनं, ती उठली. टाकी भरायला लावली, मोबाइल लावला, टॉर्च लावला आणि पेटीतून गाडीच्या उरलेल्या दोन बॅटऱ्या काढल्या.

“त्या अर्ध्यावरच बंद कर,” तो म्हणाला.

“आन सकाळी लागल्या म्हंजी?”

“लागल्या तर मग तिथं भरीन. तासभर लागंल.”

“लोक तासभर थांबतील व्हय?”

रविंद्रनं भाकरीचा तुकडा मोडला. दोन्ही खांदे ठणकत होते आणि उद्याचा मळा आजच डोळ्यांपुढं दिसत होता.

“थांबतील,” तो म्हणाला. “आज थांबले की.”